फक्त एका मतासाठी गावी जाऊन महापालिकेचं मतदान करावं का? समान मतं पडली तर काय होतं?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी बाहेरगावी राहत असताना, आपल्या प्रभागात अटीतटीची लढत आहे म्हणून एका मतासाठी रात्रभर प्रवास करून जावं का. आणि दोघांना सारखीच मतं पडली तर पुढे काय. माझं उत्तर : जा. पण तिकीट काढायच्या आधी एक काम करा, ते शेवटी सांगते. आधी समान मतांचं, कारण ते मुंबईत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय.

21 फेब्रुवारी 2017 ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं आणि 23 ला मोजणी. जानेवारीत युती तुटली होती, शिवसेना आणि भाजप आमनेसामने होते. मतदान 55 टक्क्यांच्या आसपास गेलं, 2012 मध्ये ते जेमतेम 45 होतं. दक्षिण मुंबईतल्या 220 क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांच्यात लढत होती. आधी बागलकर निवडून आल्याची बातमी पसरली. शाहांनी फेरमोजणी मागितली. मोजून झालं तेव्हा दोघांच्या नावापुढे आकडा एकच होता, 5,946. मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली आणि शाह नगरसेवक झाले. कायद्याच्या भाषेत, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याला एक जादा मत मिळालं असं धरतात.

त्या दिवशी शिवसेनेच्या 84 जागा झाल्या, भाजपच्या 82. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर 85 आणि 81. त्या प्रभागातला एक माणूस त्या दिवशी लग्नाला गेला असेल, एखादी बाई ताप आला म्हणून घरी झोपली असेल. तिच्या एका मताने चिठ्ठ्यांची वेळच आली नसती. मला तो आकडा आठवला की अजून पोटात कालवतं, कारण त्याच दिवशी, त्याच शहरात, मी दुसऱ्या एका मतमोजणी केंद्रात बसले होते.

आमच्या भागातल्या बचत गटातल्या एक ताई उभ्या होत्या. प्रभागाचा नंबर आणि पक्ष सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. मी त्यांची मतमोजणी प्रतिनिधी. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : टेबलं आणि आम्ही यांच्या मधे जाळी असते. टेबलावर एका मतदान केंद्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, येतं. आधी त्याचा नंबर आणि सील आम्हाला दाखवतात, मग कर्मचारी रिझल्टचं बटण दाबतो आणि छोट्या खिडकीत लाल अंक उमटू लागतात. आधी एकूण मतं, मग उमेदवार एक, इतकी. उमेदवार दोन, इतकी. एकेक आकडा दोन-चार सेकंदच दिसतो. जाळीला नाक लावून, मांडीवर वही ठेवून तो उतरवायचा. चुकला तर ‘पुन्हा दाखवा’ म्हणायचं, आणि म्हणायला अजिबात लाजायचं नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने एजंटांना मतांचा हिशेब दिलेला असतो, त्यातली एकूण मतं यंत्रातल्या बेरजेशी जुळतात का तेही बघायचं.

तिसऱ्या फेरीनंतर ताई शंभरेक मतांनी पुढे होत्या. बाहेर कोणीतरी गुलालाची पोती उघडली. आमच्या सात प्रतिनिधींपैकी तिघे तेव्हाच बाहेर गेले, फोटो काढायला. मी त्यांना दोष देत नाही, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. पण पुढच्या फेरीत तीन टेबलांवर आमचं कोणीच नव्हतं. शेवटच्या फेरीनंतर आम्ही 28 मतांनी मागे पडलो.

माझी वही आणि फळ्यावरचे आकडे मी दोनदा ताडून पाहिले. एका केंद्रावर माझ्याकडे 132 होते, वरच्या तक्त्यात 123. नऊ मतं. ताईंनी तिथल्या तिथे लेखी अर्ज दिला. यंत्र पुन्हा लावलं, 132 च निघाले, तक्ता दुरुस्त झाला. तक्ता लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पहाटेपासून बसलेल्या माणसाच्या हातून अंक उलटे पडले. फरक 19 वर आला, तिथेच राहिला. आम्ही हरलो. ज्या तीन टेबलांवर आमचं कोणी नव्हतं तिथले आकडे ताडायला आमच्याकडे वहीच नव्हती.

लोकांना वाटतं फेरमोजणी म्हणजे सगळं पहिल्यापासून मोजणार आणि वेगळंच काही निघणार. यंत्रातला आकडा दहा वेळा दाखवा, तोच येतो. चूक झालीच तर ती कागदावर उतरवताना आणि बेरजेत होते. आणि ती पकडायची वेळ फार थोडी असते : शेवटच्या फेरीची बेरीज सांगितल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत. अर्ज लेखी हवा, कारण द्यावं लागतं, मान्य करायचा की नाही ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात. एकदा निकाल जाहीर झाला की त्यांच्याही हातात काही उरत नाही. मग रस्ता कोर्टाचा, आणि तोही दहा दिवसांच्या आत. मुंबईत त्यासाठी लघुवाद न्यायालयात जावं लागतं.

पण 19 मतं खरी कुठे गेली ते मला मोजणीच्या आधीच माहीत होतं. ती यादीत गेली.

महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांच्या हद्दीप्रमाणे फोडतात. राज्य निवडणूक आयोग त्यात नवीन नाव घालत नाही, असलेलं काढत नाही. नावं फक्त या प्रभागातून त्या प्रभागात वाटली जातात. हद्द रस्त्याच्या मधून जाते, नाल्याच्या कडेने जाते, आणि यादी फोडणारा कर्मचारी त्या गल्लीत कधी गेलेला असेलच असं नाही. प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते, हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात, मग अंतिम यादी. आमच्याकडच्या दोन चाळी नाल्याच्या अलीकडे, म्हणजे आमच्या प्रभागात. यादीत त्या पलीकडच्या प्रभागात गेल्या होत्या. सत्तरेक मतदार. ताई तिथे पंधरा वर्षं पाण्याच्या लाइनीसाठी भांडलेल्या, एकेक घर ओळखीचं.

हे आमच्या लक्षात कधी आलं? स्लिपा वाटायला गेलो तेव्हा. हरकतींची मुदत कधीच संपली होती. आम्ही प्रारूप यादी पाहिलीच नव्हती, कारण तेव्हा तिकिटाची धावपळ चालली होती आणि सगळं लक्ष बॅनरवर. मतदानाच्या दिवशी त्या चाळीतले एक आजोबा काठी टेकत आमच्या शाळेत आले. नेहमी तिथेच मत द्यायचे. तिथून त्यांना दुसऱ्या प्रभागातल्या शाळेत जायला सांगितलं, ती शाळा रेल्वे फाटकापलीकडे. ते पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि घरी गेले. त्यांचं मत कोणालाच पडलं नाही. त्या दिवशी मुंबईभर यादीत नाव न सापडल्याच्या तक्रारी होत्या. टीव्हीवर त्या दोन दिवस चालल्या आणि निकालाच्या धुरळ्यात विरल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती पायरी आहे. बूथवर पैसे वाटल्याच्या गोष्टी सगळे चवीने सांगतात. यादीबद्दल कोणी बोलत नाही, आणि अटीतटीचे प्रभाग माझ्या मते बहुतेक वेळा तिथेच जातात.

आता कोणी म्हणेल, एक नगरसेवक इकडचा तिकडे झाला तर शहराला काय फरक पडतो. 2017 च्या मुंबईचंच पाहा. 227 जागांत बहुमताला 114 हवेत, आणि कोणाकडेच नव्हते. निवडून आलेल्या अपक्षांना एकदम भाव आला. त्या वर्षीचं महापालिकेचं अंदाजपत्रक 25,141 कोटींचं, त्यामुळे खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत कोणाचं संख्याबळ किती हा काही मानापमानाचा प्रश्न नव्हता. शेवटी 4 मार्चला देवेंद्र फडणवीसांनी भाजप महापौरपद लढवणार नाही असं जाहीर केलं, आणि 8 मार्चला विश्वनाथ महाडेश्वर 171 मतं घेऊन महापौर झाले. विषय संपला असं वाटलं. पण ऑक्टोबरमध्ये भांडुपची एक पोटनिवडणूक भाजपने जिंकली, आणि लगेच मनसेच्या सात नगरसेवकांपैकी सहा जण शिवसेनेत गेले. दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त असल्यामुळे पक्षांतराच्या कायद्यातून ते वाचले. ज्यांनी मनसेला मत दिलं होतं त्यांना कोणी विचारलं नाही. इतकी ओढाताण कशासाठी, तर सुरुवातीलाच अंतर दोन जागांचं होतं म्हणून.

तुमचं शहर सांगलीकडचं दिसतंय, म्हणून तिथलंही सांगते. फेब्रुवारी 2021 मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत बहुमत भाजपचं होतं आणि महापौर झाले राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी, 39 विरुद्ध 36. काही जणांनी उलटं मत दिलं, काही आलेच नाहीत. त्यानंतर महिनाभरात जळगावातही तसंच झालं. तिथे भाजपचे 75 पैकी 57 नगरसेवक निवडून आले होते, तरी महापौरपद शिवसेनेकडे गेलं. म्हणजे काठावरचं बहुमत पळवता येतं, आणि भरभक्कम बहुमतही. यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आणि सभागृहातलं मतदानही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. 30 जानेवारी 2024 ला चंदीगडमध्ये महापौरपदासाठी 36 मतं होती. आप आणि काँग्रेसची मिळून 20, समोर 16. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि 12 विरुद्ध 16 असा भाजपचा उमेदवार विजयी जाहीर केला. तो अधिकारी मतपत्रिकांवर स्वतःच खुणा करताना कॅमेऱ्यात दिसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने मतपत्रिका न्यायालयात मागवून पाहिल्या आणि 20 फेब्रुवारीला कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केलं. तिथे कॅमेरा होता म्हणून. आमच्या जाळीपाशी वही होती म्हणून नऊ मतं परत आली. मला या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात.

तर तुमचं. टपालाने मत देण्याची सोय तुमच्या-माझ्यासारख्यांना नाही, ती निवडणुकीच्या कामावरच्या लोकांसाठी. जायलाच लागेल. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा शासनाचा आदेश निघतो आणि कामानिमित्त मतदारसंघाबाहेर असलेल्यांनाही तो लागू असतो. आदेशाची प्रत काढून साहेबांसमोर ठेवा. तुमच्याकडे मुंबईसारखा एक सदस्याचा प्रभाग नसेल, एका प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतील. प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबायचं, कोणी पसंत नसेल तर ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबायचं, आणि लांब बीप ऐकू आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. एकच ओळखीचं नाव दाबून निघणारे खूप असतात.

आणि ते एक काम. प्रारूप यादी लागली की त्याच आठवड्यात तुमचं नाव शोधा, आईवडिलांचं शोधा, वाड्यातल्या सगळ्यांचं शोधा. नुसतं नाव आहे का ते नको, कोणत्या प्रभागात आहे ते बघा. शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर कोणालातरी क्षेत्रीय कार्यालयात पाठवा, हरकत लेखी द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून उठू देऊ नका. मग तिकीट काढा.