तुकडा न कापता विजेच्या स्पंदांनी त्वचेच्या कर्करोगाचे निदान होते का?
वडिलांच्या नाकावरील न भरणाऱ्या जखमेसाठी नागपुरातील डॉक्टरांनी सुचवलेली बायोप्सी टाळून विजेच्या स्पंदांची पद्धत निवडावी का, असे आपण विचारले आहे. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या या ‘ई-बायोप्सी’त सुईतून अत्यल्प काळाचे, उच्च व्होल्टेजचे स्पंद दिले जातात, त्यामुळे पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडून आतील प्रथिने व आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारे रेणू) बाहेर झिरपतात आणि तो थेंबभर द्रव सुईनेच ओढून तपासला जातो. कल्पना खरोखर सुंदर आहे. मात्र गाठ किती खोल गेली, हे अखंड ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते, आणि या द्रवात ती रचना उरत नाही. म्हणून कृपया बायोप्सी लांबवू नका. जागा बधिर करून ती काही मिनिटांत होते, फार तर एखाद-दुसरा टाका पडतो.