मुलगी आठवीत, मुलगा चौथीत आणि निघायचं इंग्लंडला: शाळेच्या विषयांबद्दल सविस्तर

ताई,

तुम्ही सांगलीत नर्स आहात, बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात नोकरी पक्की झाली आहे. मुलगी राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजीत आठवीला, मुलगा चौथीला. तुम्ही विचारलंय की मुलीची दहावी सांगलीतच करून मग आणावं का, इथे कोणते विषय असतात, इतिहास आणि साहित्यात ती मागे पडेल का आणि निघण्याआधी काय वाचून घ्यावं. मी याच भागात राहते, माझा मुलगा इथल्याच सरकारी शाळेतून जीसीएसई करून पुढे गेला. त्यामुळे जे लिहिते आहे ते घरात रोज पाहिलेलं आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंडची पद्धत वेगळी.

सगळ्यात आधी वेळेचं. इथे वर्ग ठरतो तो जन्मतारखेवरून, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वर्ष धरून. आठवीतली मुलगी साधारण इयर नाइनच्या वयाची असते. जीसीएसई म्हणजे इथली दहावी समजा, पण तिचा अभ्यास इयर टेन आणि इलेव्हन असा दोन वर्षं चालतो आणि लेखी परीक्षा इयर इलेव्हनच्या मे-जूनमध्ये होतात. म्हणून मुलीला आणायचं तर आठवी संपताच आणा. सप्टेंबरमध्ये ती इयर टेनच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर सुरुवात करेल. मे महिन्यातच येता आलं तर आणखी चांगलं, शाळेची ओळख होईल आणि ऐच्छिक विषय निवडताना तिचं मत विचारलं जाईल. पर्याय दुसरा, दहावी तिथेच पूर्ण करून इयर ट्वेल्व्हला आणायचं. तोही चालतो, फक्त तेव्हा इंग्रजी आणि गणिताचे गुण इथल्या ग्रेड ४ च्या, म्हणजे उत्तीर्ण होण्याच्या, तोडीचे आहेत हे कॉलेजला पटवावं लागतं. नववी तिकडे करून अधेमध्ये इयर इलेव्हनला आणणं मात्र कृपा करून टाळा. शाळा वेगवेगळ्या परीक्षा मंडळांचे पेपर घेतात, एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर वगैरे. प्रत्येक शाळेचं नाटक वेगळं, कादंबरी वेगळी, इतिहासाचा कालखंड वेगळा. अर्धा अभ्यास झालेल्या वर्गात नवीन मूल आलं की त्याची फरफट होते, हे मी दोन घरांत पाहिलंय.

विषय. इंग्रजी भाषा, इंग्रजी साहित्य, गणित आणि विज्ञान हे बहुतेक सगळ्यांनाच. त्याशिवाय इतिहास, भूगोल, परकीय भाषा, कॉम्प्युटर सायन्स, समाजशास्त्र, कला यांतून तीन-चार निवडायचे. ग्रेड ९ ते १, त्यात ९ सर्वोत्तम. नागरिकशास्त्र, धर्मशिक्षण आणि नातेसंबंध-लैंगिक शिक्षण हे तास परीक्षा नसली तरी वेळापत्रकात असतात. नातेसंबंध-लैंगिक शिक्षणाच्या तासांना आपल्याकडचे पालक बिचकतात. मुलीला बसू द्या. तुम्ही नर्स आहात, त्यात काय शिकवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

गणिताची चिंता अजिबात नको, स्कॉलरशिपची परीक्षा दिलेली मुलगी इथे आरामात निघते. विज्ञानात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. इथे विज्ञान दोन प्रकारे घेता येतं. कंबाइन्ड सायन्समध्ये तिन्ही शाखा मिळून दोन ग्रेड मिळतात, ट्रिपलमध्ये जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राच्या तीन वेगळ्या. शिवाय पेपर दोन पातळ्यांचा असतो. फाउंडेशन या खालच्या पातळीला कितीही छान लिहिलं तरी ५ च्या वर ग्रेड मिळतच नाही. पुढे ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, विज्ञान घ्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ मागतात. नवीन आलेल्या मुलाचं इंग्रजी बोलणं अडखळतं म्हणून त्याला खालच्या गटात टाकलं जातं. आमच्या बाबतीत पहिल्या शाळेने तेच केलं होतं. तेव्हा सांगलीहून येताना विज्ञानाच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि सोडवलेल्या उत्तरपत्रिका घेऊन या आणि शाळेला नम्रपणे पण ठामपणे सांगा की चाचणी घ्या. प्रयोगांची वही इथे तोंडी परीक्षेला लागत नाही. प्रयोगांवरचे प्रश्न लेखी पेपरातच येतात, एकूण गुणांच्या किमान १५ टक्के. पाठ केलेली कृती लिहून भागत नाही. निकाल चुकीचा आला तर का आला, कोणती गोष्ट स्थिर ठेवायला हवी होती, असं विचारतात.

आता साहित्य. इथेच तिला सगळ्यात जास्त भीती वाटेल आणि इथेच ती सगळ्यात जास्त वाढेल. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, एक आधुनिक नाटक किंवा कादंबरी आणि कवितांचा संच, एवढं सगळ्यांना. पुष्कळ शाळांत ते ‘मॅकबेथ’, डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आणि प्रिस्टलीचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ असं असतं. परीक्षेत पुस्तक जवळ नसतं, अवतरणं लक्षात ठेवावी लागतात. पण आपल्या कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण लिहायची जी सवय लागते ती फुकट जात नाही. तिथे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे पाडून लिहितो. इथे फरक असा की हा शब्द कवीने का निवडला, त्या काळाशी त्याचा काय संबंध, हे स्वतःच्या मताने लिहायचं आणि ओळीचा पुरावा द्यायचा. एक्यूएच्या कवितासंचात इम्तियाज धारकर यांची कविता आहे. त्या लाहोरला जन्मल्या, ग्लासगोत वाढल्या आणि लंडन-मुंबई असं दोन्हीकडे राहत आल्या. मुलीला ती कविता आधी वाचायला द्या.

इतिहासाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमची काळजीही तिथेच आहे आणि माझं मनही. चौथीत शिवछत्रपती शिकलेल्या मुलीला इथे एलिझाबेथ, नॉर्मन विजय, हिटलरची जर्मनी यांत काय रस वाटणार, असं तुम्ही लिहिलंय. पण एडेक्सेल आणि एक्यूए या दोन्ही मंडळांत एक भाग असा आहे जो मला वाटतं तुमच्या घरासाठीच लिहिलाय: ब्रिटनमधल्या वैद्यकाचा इतिहास, मध्ययुगापासून आजपर्यंत. प्राचीन काळचा वैद्य गेलन, रक्ताभिसरण समजावणारा हार्वे, १७९६ ची जेनरची देवीची लस, १९२८ चं फ्लेमिंगचं पेनिसिलिन, सगळं त्यात येतं. मुलगी हा भाग शिकायला लागली की रात्री ड्यूटीवरून आल्यावर तुमच्याशी बोलायला तिच्याकडे विषयच विषय असतील.

त्यातला पटकीचा (कॉलऱ्याचा) धडा नमुना म्हणून सांगते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू दाटलेत हे दाखवलं. पंपाची दांडी काढली गेली. आपल्या पद्धतीने एवढ्यावर टीप पूर्ण झाली, चार गुण मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र प्रश्न त्यानंतर सुरू होतो. स्नोने सिद्ध केलं तरी सरकार लगेच का हललं नाही? कारण दुर्गंधीमुळे रोग होतो ही समजूत घट्ट होती आणि जंतूंचा सिद्धांत पाश्चरने मांडला १८६१ मध्ये. १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा होता, पण बहुतेक शहरांवर त्याची सक्ती नव्हती. करदात्यांना गटारांसाठी पैसे द्यायचे नव्हते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी संसदेपर्यंत पोचली तेव्हा अभियंता बॅझलजेटच्या गटारांना पैसा मिळाला. १८६७ मध्ये शहरांतल्या पुष्कळ कामगार पुरुषांना मताधिकार मिळाला, आता त्यांच्या वस्तीतल्या पाण्याचा विचार उमेदवाराला करावाच लागला. आणि १८७५ च्या कायद्याने नगरपालिकांवर स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची सक्ती झाली. मग सोळा गुणांना विचारतात: ‘सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचं मुख्य कारण विज्ञानातली प्रगती होती. या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?’ बाजूने लिहा, विरुद्ध लिहा, शेवटी स्वतःचा निर्णय द्या आणि तो का, ते सांगा. सनावळी पाठ असून निर्णय नसेल तर वरचे गुण मिळत नाहीत.

या एका प्रश्नात विज्ञान, इतिहास आणि राज्याचं धोरण तिन्ही आले. साहित्यही लांब नाही. डिकन्सची कादंबरी १८४३ ची, तिच्या मागे १८३४ चा गरिबांविषयीचा कायदा आणि वर्कहाउस, म्हणजे गरिबांना राबवून घेणारी आश्रयगृहं, उभी आहेत. प्रिस्टलीने नाटक लिहिलं १९४५ मध्ये आणि कथानक ठेवलं १९१२ मध्ये. पगारवाढ मागितली म्हणून कारखान्यातून काढलेल्या मुलीची ती गोष्ट आहे. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, बकाली आणि बेकारी या पाच गोष्टींशी लढायचं ठरवलं आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. ज्या संस्थेत तुम्ही कामाला लागणार आहात ती मुलीच्या इतिहासाच्या पेपरात आहे, नाटकाच्या संदर्भात आहे आणि समाजशास्त्र घेतलं तर तिथेही आहे. माझं ठाम मत असं की इथे टिकायचं तर हे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत वाचायचे नाहीत. इंग्रजीच्या बाई १८३४ चा कायदा सांगतात आणि इतिहासाचे सर कादंबरीतला उतारा वाचतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आपलं काही मागे सोडून यावं लागतं असं मला तरी वाटत नाही. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं १८८० मध्ये. जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे तीच मागणी केली १८८२ मध्ये, दोनच वर्षांनी. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ती अमलात आणली १९१७ मध्ये. प्लेगचा धडा आला की मुलीला १८९७ चं पुणं सांगा. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस स्वतःवर टोचून घेतली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या. पेपर ब्रिटनवर असतो, तिथे हे लिहून गुण मिळणार नाहीत, पण वर्गातल्या चर्चेत ती हे बोलली तर शिक्षक कान देऊन ऐकतात. माझा मुलगा फुल्यांबद्दल बोलला तेव्हा बाईंनी त्याला पुढच्या तासाला दहा मिनिटं दिली होती. साम्राज्याचा इतिहास मात्र बहुतेक शाळांत इयर नाइनपर्यंतच आटोपतो, तुमची मुलगी नेमकी त्यानंतर येईल. एक्यूएच्या स्थलांतर आणि साम्राज्याच्या भागात ईस्ट इंडिया कंपनी आणि १८५७ आहेत, पण तो भाग घ्यायचा की नाही हे शाळा ठरवते. नसेल तर तेवढं घरी करून घ्या.

निघण्याआधी काय करावं? बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीचं इतिहास व राज्यशास्त्राचं पुस्तक मोफत उतरवून घ्या. इतिहासलेखनाचे पहिले दोन धडे आणि राज्यशास्त्रातला सामाजिक व राजकीय चळवळींचा धडा मुलीसोबत वाचा. साधनं तपासायची म्हणजे काय, हे मराठीतून कळलं की इथला ‘हे साधन किती उपयुक्त आहे’ हा प्रश्न सोपा जातो. डिकन्सची ती कादंबरी छोटी आहे, उन्हाळ्यात इंग्रजीतून वाचून होईल. आणि आठवड्याला एक पान लिहायची सवय लावा, विषय कोणताही: माझं मत हे, कारण हे, पुरावा हा. भाषा चुकली तर चुकू द्या, विचार तुटू देऊ नका. ट्यूशन लावायची घाई करू नका, पहिले तीन महिने शाळेलाच तिची पातळी कळू द्या.

मराठीबद्दल स्पष्ट सांगते. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांत जीसीएसई देता येते, मराठीत देता येत नाही. म्हणजे मराठी घरातच राखायची. फ्रेंच किंवा स्पॅनिश इयर टेनला नव्याने सुरू करणं अवघड असतं, चौदाव्या वर्षानंतर भाषा सक्तीचीही नाही, त्यामुळे तिथे समाजशास्त्र किंवा भूगोल घेतला तरी काही बिघडत नाही.

शाळेत जागा मिळण्याचं सूत्र पत्त्यात असतं. वर्षाच्या मध्ये प्रवेशासाठी स्थानिक कौन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे अर्ज करतात. म्हणून घर भाड्याने घेताना रुग्णालयाचं अंतर पाहताना शाळेचंही पाहा आणि त्या शाळेच्या संकेतस्थळावर इतिहास आणि विज्ञानासाठी कोणतं मंडळ आहे ते आधीच बघून ठेवा. नकार आला तर स्वतंत्र समितीपुढे अपील करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

मुलाचं त्या मानाने सोपं. चौथी संपवून तो सप्टेंबरमध्ये साधारण इयर सिक्सला बसेल. प्राथमिकच्या इतिहासात रोमन, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग असतात. प्राचीन संस्कृतींत सिंधू खोऱ्याचाही पर्याय आहे. त्याच शालेय वर्षात, मे महिन्यात, वाचन, व्याकरण आणि गणिताच्या चाचण्या होतील. पण माध्यमिक शाळेचा अर्ज त्याच्या आधी, इयर सिक्सच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो आणि जागा १ मार्चला कळते. ती तारीख चुकली तर जवळच्या शाळा भरून गेलेल्या असतात. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.