घोड्याच्या पायाआधी तुमचा हात

इंदूरचे एक घोड्यांचे डॉक्टर विचारतायत, वय ३६, दोन लहान मुलं, लंगडणाऱ्या घोड्यांसाठी ९ लाखांचं पोर्टेबल अल्ट्रासाउंड मशीन १२ टक्क्यांच्या लोनवर घेऊ का? महिन्याला ३० स्कॅन धरलेत, २००० रुपये फी. आणि शेवटी सहज लिहिलंय, "इन्शुरन्स आहे, बँकेत एफडी करायला गेलो तेव्हा घेतला, वर्षाला दीड लाख, १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी ३० लाख, ३ हप्ते झालेत."

डॉक्टर, मशीनचं सोडा, आधी हे बघू. १५ लाख भरून ३० मिळणार म्हणजे डबल वाटतं, पण तुमचा पैसा सरासरी पंधराएक वर्षं अडकतो, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के! तिकडे लोन १२ नी काढणार. आणि कव्हर किती, हप्त्याच्या दहापट, १५ लाख. दोन मुलांचं शिक्षण त्यात होईल? एफडी मागायला आलेल्या माणसाला असली पॉलिसी चिकटवतात याचा मला खरंच राग येतो.

त्याहून मोठी गोष्ट, तुम्ही रोज घोड्याच्या मागच्या पायाशी बसता. एक लाथ मनगटावर बसली की सहा महिने प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा भाग, धरता येणार नाही, ईएमआय मात्र २०,००० चालूच. दीड कोटीचा टर्म प्लॅन (तुम्ही गेलात तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) आणि पर्सनल अ‍ॅक्सिडंट पॉलिसी या महिन्यातच घ्या, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे मिळतात का बघा आणि फॉर्मवर घोड्यांचं काम करतो हे स्पष्ट लिहा, लपवलं तर क्लेम अडकेल. टर्म हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीची सरेंडर (आत्ता बंद केली तर हातात किती) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती) किंमत लेखी मागा आणि चौथा हप्ता भरायच्या आत ठरवा.

आता मशीन. ३० स्कॅन कुठून येणार? लंगडेपणाचं दुखणं बऱ्याचदा खुरातच असतं आणि खुराच्या कवचातून अल्ट्रासाउंड जात नाही, तिथे एक्स-रे लागतो. नर्व्ह ब्लॉक (पायाचा एकेक भाग बधिर करणारं इंजेक्शन) देऊन दुखरी जागा सापडल्यावर टेंडन, सस्पेन्सरी लिगामेंट अशा पायातल्या दोऱ्यांसारख्या पट्ट्यांचे जे घोडे उरतात तेच तुमचे. टेंडन भरायला ९ ते १२ महिने लागतात, दर दोन-तीन महिन्यांनी परत स्कॅन, त्यामुळे तोच घोडा पुन्हा येतो हे खरं, तरी मी महिन्याला पाचच धरेन. १०,००० रुपये, म्हणजे अर्धाच ईएमआय. आणि वरातीच्या घोडीचा मालक २००० देईल ही आशा सोडा.

सांवेर, देपालपूरकडे गाई-म्हशी बघता का? गाभण तपासायच्या लिनियर प्रोबनी, स्टँडऑफ पॅड (प्रोब आणि कातडीमध्ये ठेवायची जेलची गादी) लावून, टेंडनही बऱ्यापैकी दिसतं. दोन्ही कामाला चालेल असं सेकंडहँड मशीन ३-४ लाखांत मिळत असेल तर घ्या, पण अ‍ॅक्सिडंट पॉलिसीचा कागद हातात आल्यावर.