चौदावा प्रश्न आणि मशेरीची डबी

अगं, बायकांच्या आरोग्यावरची तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसतेय, पण 14 व्या प्रश्नावर अडकले. 'आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' असं घरात कोण बोलतं सांग बरं? माझ्या पहिल्या सर्व्हेत मी पण हेच विचारलेलं. ओटीवरची मावशी ठाम नाही म्हणाली, मी टिक केलं, आणि बोलता बोलता तिने कमरेची डबी काढून दातांना मशेरी लावायला सुरुवात केली. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण तिच्या लेखी तंबाखू म्हणजे नवरा मळतो ती, ही आपली दात घासायची वस्तू. खोटं ती बोललीच नव्हती. म्हणून तर गॅट्ससारख्या (मोठ्या माणसांच्या तंबाखू वापराची जागतिक पाहणी) मोठ्या पाहणीत गुटखा, खैनी, मशेरी अशी नावं घेऊन विचारतात.

तर फॉर्म जरा बाजूला ठेव आणि बायका कुठले शब्द वापरतात ते ऐकायला आधी दोन-तीन गटचर्चा घे. 6 ते 8 जणी पुरे. सासू-सून एका गटात बसवू नकोस, माझी एक चर्चा अशीच वाया गेली, तासभर सासूबाईच बोलल्या आणि सुना खाली मान घालून चटईच्या काड्या उपसत बसल्या. सरपंचबाई असतील तर त्यांना चहा देऊन वेगळं भेट.

आणि नुसत्या गप्पा नकोत, नाहीतर जिचा आवाज मोठा तिचंच खरं होतं. नॉमिनल ग्रुप म्हणतात ती पद्धत वापर, डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांची, जुनीच आहे. एकच प्रश्न टाकायचा, दोन मिनिटं सगळ्या गप्प, मग एकेकीने एकच गोष्ट सांगायची, मध्ये कुणी टोकायचं नाही, अशा फेऱ्या नवीन काही निघेनासं होईपर्यंत. मग कुठल्या शब्दाचा काय अर्थ ते बोलायचं आणि शेवटी मत. पुस्तकात कागदावर लिहायला सांगतात, आपण निघालेल्या गोष्टींची चित्रं मांडून प्रत्येकीला मत टाकायला 5 चिंचोके द्यायचे. पण त्या चिंचोक्यांचे टक्के काढून रिपोर्टात घालू नकोस हां, 8 बायकांचे कसले टक्के!

'श्वेतप्रदर' पण खोड. बायका म्हणतात अंगावरून पांढरं जातं, तुझ्या तालुक्यात अजून काही म्हणत असतील, तेच तर ऐकायचंय. आणि त्याला त्या 'आजार' म्हणतात का हेही विचार. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या (1989 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं), 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. इतकं अंगावर काढतात गं, तू 'काही आजार आहे का' विचारलंस तर नाहीच म्हणणार. फक्त गटात कुणाला स्वतःचं विचारू नकोस, 'इथल्या बायकांना काय काय त्रास होतो' असं विचार, बाहेर पडल्यावर गावभर व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न नवीन झाले की 5-6 जणींना एकेकटीला गाठून वाचून दाखव आणि विचार, ताई यातून तुम्हाला काय समजलं? हे टाळू नकोस, मी एकदा टाळलं आणि 300 फॉर्म परत भरायला लागले.

रेकॉर्डिंग आधी विचारूनच कर. पहिल्या चर्चेचं टाइप झालं की पाठव, भाषा सुधारून नको, जशी आहे तशी.