आजोबांची जुनी दुनळी बंदूक किती वर्षांची आणि किती किमतीची, हे कसं ओळखायचं?

नळीवरचं नाव वाचून कंपनी ठरवू नका, एवढं आधी सांगतो. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानाचं नाव कोरलेलं असलं, तर ते बहुधा विकणाऱ्याचं असतं. माल बर्मिंगहॅमचा, नाहीतर बेल्जियमचा.

आमच्याकडे देवगडला कलमांत माकडं-डुकरं हाकायला अशीच एक दुनळी होती, काडतुसावर आपटणारे घोडे बाहेर दिसणारी. मुंबईचा चुलतभाऊ दर गणपतीत तिच्यावर व्याख्यान द्यायचा. सत्तावनच्या बंडात साहेबाने आमच्या मूळपुरुषाला बक्षीस दिली, अस्सल लंडनची, आज वीस लाख कुठे गेले नाहीत. आबा सुपारी कातरत "होय तर, सायबाचीच ती" म्हणून त्याला आणखी चढवायचे. शेवटी एकदा मी पडवीत सगळ्यांसमोर ती खोलली. नळ्या कुंद्यापासून वेगळ्या केल्या, खालचा सपाट भाग रॉकेलच्या फडक्याने पुसला. लंबगोलात ईएलजी, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजचा तपासणीचा ठसा, आणि त्यावर मुकुट आला १८९३ पासून. भाऊ म्हणतो, "ठसो कोण पण मारूक शकता!"

पुढच्या वर्षी याच शहाण्याने नळ्यांना सँडपेपर मारून त्या चकाचक केल्या. ठसा अर्धा गेला, दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नळीवरची वेलबुट्टी पूर्ण गेली. जुन्या बंदुकीला पॉलिश करणारा माणूस तिची किंमत स्वतःच्या हाताने खाली आणतो. आणि खाऱ्या वाऱ्यात आत पडलेले खड्डे त्याने जात नाहीत. ते पडू नयेत म्हणून पावसाळाभर नळीतून तेलाचं फडकं फिरवावं लागतं. ते मी केलं. वाटणीत अर्धी किंमत मागणाऱ्याने कधी केलं नाही.

तुमची इंग्लिश असेल तर तिच्याही नळ्यांखालीच बघा. 'नॉट फॉर बॉल', म्हणजे अखंड गोळी मारू नका, असं कोरलेलं असेल तर १८७५ ते १८८७ मधली. पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकारात १२ आणि सी असेल तर १८८७ नंतरची. मुकुटाखाली बीपी, बीव्ही असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ नंतर. 'वेब्ली अँड स्कॉट' हे कंपनीचं नाव १८९७ च्या आधी असूच शकत नाही. पर्डी, हॉलंड अशा लंडनच्या नामांकित कंपनीची असली तर क्रमांकावरून कंपनीच्या जुन्या वह्यांत साल सापडतं, पण तशी बंदूक आपल्या माळ्यावर निघण्याची आशा फार धरू नका.

किमतीचं म्हणाल, तर परवानाधारकालाच विकता येते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे गिऱ्हाईक आणखी कमी झालंय. साधी बेल्जियन असेल तर लाखांची स्वप्नं पाहणाऱ्या नातेवाईकाला आधी परवानाधारक डीलरकडे घेऊन जा. तो नळ्या उजेडाला धरून आत बघतो आणि बोलायचं ते तिथेच बोलून टाकतो.

अरे हो, खोलण्याआधी काडतूस नाही ना ते बघा. एनपी ठसा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याची खूण, नसेल किंवा नळ्या दमास्कसच्या असतील, तर आजची काडतुसं घालून बार काढू नका, नळी फाटू शकते. आणि परवाना आजोबांच्याच नावावर असून ते हयात नसतील, तर बंदूक आधी ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करून वारसाचा अर्ज द्या. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, हे माझ्या भावाचं मत आहे. त्यावर विसंबू नका, आधी ठाण्यात विचारा.