एक्के किती?

प्रश्न: "नुकताच ऑनलाइन ब्रिज खेळायला लागलोय. टेबलावर लोक एकमेकांची यथेच्छ टर उडवतात आणि वर सांगतात की आम्ही जिवलग मित्र. कधी तोंडही न पाहिलेल्या माणसांशी अशी मैत्री खरंच होते का? आणि नवख्याने त्या थट्टामस्करीत पडावं का?"

होते. आणि माझा अनुभव असा की ती मैत्री बहुतेक वेळा डमी करतो.

ब्रिज न खेळणारे कुणी हे वाचत असतील तर थोडक्यात सांगते. चौघांत 52 पत्ते वाटायचे, प्रत्येकाला 13, आणि समोरासमोरचे दोघं भिडू. आधी बोली होते, म्हणजे हुकूम कुठला आणि सहाच्या वर किती हात करणार ते सांगायचं. ज्या जोडीची बोली टिकते, त्यातला एक जण हात करायला बसतो आणि त्याचा भिडू आपले पत्ते सगळ्यांसमोर उघडे मांडून मोकळा होतो. तो डमी. त्याला पुढे काहीच काम नसतं. क्लबात हा माणूस चहा सांगायला उठतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर डोकावून येतो. ऑनलाइन टेबलावर तो घरी खुर्चीतच बसलेला असतो, हात रिकामे, समोर कीबोर्ड. मग तो लिहायला लागतो.

लिहिणार कशाबद्दल? डाव चालू असताना डावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम. "अरेरे" एवढं जरी लिहिलंत तरी भिडूला काहीतरी कळलं, आणि ते लबाडीत जमा. मग चार माणसं उरलेल्या जगाबद्दल बोलतात. आमच्या टेबलावर गेल्या पाचसहा वर्षांत गुडघ्याची शस्त्रक्रिया, सुनेचा पहिला दिवाळसण, डाळिंबावरचा तेल्या आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी एवढ्या विषयांवर सविस्तर चर्चा झाली आहे. ती बहुतेक सगळी डमीने सुरू केलेली.

मी मुंबईच्या एका सरकारी कचेरीत, डब्याच्या सुट्टीत ब्रिज शिकले. निवृत्त होऊन साताऱ्याला आले आणि इथे चौथा माणूस मिळेना. (ब्रिजचं सगळ्यात मोठं दुःख हेच, चौथा माणूस.) 2020 मध्ये सगळंच बंद झालं तेव्हा भाच्याने ब्रिज बेस ऑनलाइनवर खातं उघडून दिलं. सगळे त्याला बीबीओ म्हणतात. 2001 पासून चालू आहे. मला त्याचा पत्ता एकोणीस वर्षांनी लागला, एवढाच काय तो उशीर.

आमचं टेबल जमलं ते असं. माझे भिडू रत्नागिरीकडचे निवृत्त पोस्टमास्तर. मी त्यांना मास्तर म्हणते, ते मला ताई. समोरच्या जोडीत न्यू जर्सीतला एक चाळिशीचा मराठी मुलगा, मला मावशी म्हणतो, आणि त्याची भिडू म्हणजे तुर्कस्तानातल्या इझ्मिरची एक शाळामास्तरीण. तुर्की लोक तिथे बख्खळ भेटतात आणि खेळतातही कसून. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात भर दुपारचे बारा. मुलगा जेवणाच्या सुट्टीत खेळतो. मीही तशीच शिकले, म्हणून त्याच्याबद्दल मला जरा जास्त माया आहे.

आता थट्टेचं. त्या टेबलावरची भाषा आधी कळायला हवी. तिथे सगळं आद्याक्षरांत चालतं. सुरुवातीला "जीएलपी", म्हणजे भिडूला शुभेच्छा. डमीचे पत्ते दिसले की "टीवायपी", आभार भिडू. डाव जिंकला की "डब्ल्यूडीपी", शाब्बास भिडू. हे सगळे रीत म्हणून म्हणायचे शब्द, पण त्यातला "टीवायपी" मात्र नीट बघावा. समोर चांगले पत्ते मांडले असताना आभार कुणीही मानतो. भिकार पत्ते मांडल्यावर जो मानतो, त्याच्याशी दोस्ती करावी.

हे मला कसं कळलं ते सांगते. ओळख होऊन महिनाही झाला नव्हता. मास्तरांनी एक इस्पिक अशी बोली उघडली. माझ्याकडे पाच इस्पिकं, त्यात राणी. किलवरचा एक्का आणि राणी. बाकी कचरा. सरळ चार इस्पिक म्हणायचं आणि गप्प बसायचं, असा हात. बोलीच्या चौकटीत इस्पिकाच्या शेजारी नोट्रम्प (म्हणजे हुकूमच नाही) असतं, आणि माझं बोट घसरलं. चार नोट्रम्प!

न खेळणाऱ्यांना यातली भयानकता कळायची नाही. चार नोट्रम्प ही बोली नव्हे, तो प्रश्न आहे: "भिडू, तुझ्याकडे एक्के किती? मला बारा-तेरा हात करायचे आहेत." उत्तर ठरलेलं असतं. हल्ली हुकमाचा राजाही एक्क्यातच धरतात. असे दोन असले आणि हुकमाची राणी नसली, तर "पाच बदाम". दोन आणि वर राणीही असली, तर "पाच इस्पिक". ही दोन उत्तरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

चूक झाली तर "अनडू" मागायची सोय असते, समोरच्यांनी मान्य केलं तर बोली परत घेता येते. पण मी चष्मा सावरेपर्यंत इझ्मिरची बाई पास म्हणून मोकळी झाली होती आणि मास्तरांचं उत्तरही आलं होतं: पाच बदाम. आता अनडू मागणं म्हणजे भिडूला "माझ्याकडे काही नाही हो" असं ओरडून सांगणं. गप्प बसले. पाच इस्पिक म्हणून माघार घेतली. मास्तर पास. दहा हातांच्या जागी अकरा करायचे, आणि दोन्ही लाल एक्के समोरच्यांकडे.

मी डमी. माझे पत्ते उघडे पडले. एवढा रुबाबदार प्रश्न विचारणाऱ्या बाईचे ते आठ गुण (मोठ्या पत्त्यांचे गुण मोजतात) सगळ्या टेबलाने पाहिले. चॅटमध्ये काही क्षण सामसूम. मग मास्तरांची ओळ आली: "टीवायपी. छान पत्ते आहेत." आणि शांतपणे खेळायला लागले. किलवरचा राजा डावीकडे असेल या एका आशेवर किलवर काढून डमीतली राणी लावली. राजा तिथेच होता. अकरा हात झाले.

डाव संपल्यावर इझ्मिरच्या बाईने तिच्या इंग्रजीत जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: "दोन्ही लाल एक्के माझ्याकडे होते. मी डबलवर (म्हणजे बोली बुडाली तर दंड वाढवणाऱ्या बटणावर) बोट ठेवून देवाचा धावा करत होते की ही बाई सहा म्हणू दे, सहा म्हणू दे. आणि तू पाचावर थांबलीस! इतकी विद्वान बोली मी आयुष्यात पाहिली नाही." न्यू जर्सीचा मुलगा म्हणाला, "मावशी, हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्यावर मास्तर: "ताईंना पोस्टातून आतली खबर होती."

खरी गंमत पुढेच. तोच डाव इतर टेबलांवरही खेळला जातो आणि कुणी काय केलं ते शेवटी सगळ्यांना दिसतं. बाकीचे सगळे चार इस्पिकांवर थांबले होते, त्यांनीही अकराच हात केले, त्यांना 450 गुण. आम्हालाही 450. म्हणजे माझी एवढी छाती धडधडली ती निव्वळ हौस म्हणून.

त्या दिवसापासून आमच्याकडे "काय, कसं काय" कुणी विचारत नाही. टेबलावर आलं की "एक्के किती?" एवढंच. इझ्मिरची बाईसुद्धा रोमन अक्षरांत हे बरोबर लिहिते. तिला मराठीतले तीन शब्द येतात: एक्के, किती आणि भिडू.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं असेल. हसायचं ते आधी स्वतःच्या चुकीवर. समोरच्यांच्या चुकीवर हसावं, पण ते आधी हसले तर. भिडूच्या चुकीवर मात्र नाही, निदान त्याच दिवशी तरी नाही. दुसऱ्या दिवशी चालतं. मास्तर एकदा हुकमाचे पत्ते मोजायला विसरले आणि हातचा डाव घालवला, तेव्हा मी "ठीक आहे, वाईट नशीब" एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या विचारलं, "मास्तर, पोस्टात तिकिटं कोण मोजायचं?" तेही हसले. रात्र मध्ये जाऊ द्यावी लागते.

मास्तरांची एक खोड आहे. डाव संपला की ते म्हणणार, "यार्बरो होता हो!" नव्वीच्या वर एकही पत्ता नसलेल्या हाताला यार्बरो म्हणतात. एका इंग्रज लॉर्डच्या नावावरून आलंय ते. तो म्हणे असा हात येणार नाही यावर एकास हजार पैज लावायचा. लॉर्डसाहेब हिशेबाचे पक्के होते, कारण असा हात सरासरी 1,828 डावांतून एकदाच येतो. आम्ही एका बैठकीला चोवीस डाव खेळतो. मुलाने जेवणाच्या सुट्टीत हिशेब करून जाहीर केलं की मास्तरांना असा हात सुमारे 76 बैठकांतून एकदा यायला हवा, या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय, तेव्हा एकतर संगणक बिघडलाय किंवा मास्तर. आणि झालेला डाव तर जपून ठेवलेला असतो. उघडून पाहिला, मास्तरांच्या हातात किलवरचा गुलाम निघाला. "गुलामाला कोण विचारतंय?" म्हणे.

सगळं गोडगोड आहे असं नाही. डाव अंगाशी येतोय असं दिसताच टेबल सोडून पळणारे भेटतील. पहिल्याच चुकीला "हे कुठे शिकलात?" म्हणणारे, न सांगता तुम्हाला उठवून लावणारे, स्वतःच्या नावाखाली "अनडू मिळणार नाही" असं पाटीसारखं लिहून ठेवणारे. दुसऱ्या नावाने टेबलावर बघ्या म्हणून येऊन चौघांचेही पत्ते पाहणारे महाभागही होऊन गेले, 2020 मध्ये त्यात काही नावाजलेले खेळाडूही सापडले. अशांशी वाद घालू नये, उठावं आणि दुसरं टेबल शोधावं. एकटं वाटलं तर रोबोंबरोबर बसता येतं. रोबो रागावत नाही, पळून जात नाही, खेळतोही बरा. पण तुमचं बोट घसरलं तरी तो पुढच्या पत्त्याला निघून जातो. मला ते जमत नाही.

30 ऑक्टोबर 2020 ला संध्याकाळी टीव्हीवर इझ्मिरच्या भूकंपाची बातमी आली. पडलेल्या इमारती दाखवत होते. साडेनऊला मी टेबल उघडलं. मास्तर आधीच येऊन बसले होते. मुलगाही आला. चौथी खुर्ची रिकामी. रिकाम्या खुर्चीवर रोबो बसवता येतो, कुणी बसवला नाही. दोनदा अनोळखी माणसाने जागा मागितली, मास्तरांनी "राखीव आहे" म्हणून परत पाठवलं. आम्ही तिघं साडेअकरापर्यंत एकही पत्ता न टाकता बसलो होतो. तेव्हा कुठे लक्षात आलं की आपल्याकडे तिचा फोन नंबर नाही, पत्ता नाही, पुरतं नावसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खुर्चीवर तिचं नाव उमटलं. "घर उभं आहे. कपाटात एकही पेला उरला नाही. एक्के किती?" मास्तर, जे कधी आद्याक्षरांपलीकडे इंग्रजी लिहीत नाहीत, त्यांनी चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, ते तिच्यासाठी होतं.

तेव्हा नवख्या माणसा, पहिले काही दिवस नुसता बघ्या म्हणून एखाद्या टेबलाशी बस. कोण भिकार पत्त्यांना आभार मानतो आणि कोण अनडू मागताच देऊन टाकतो, ते बघ. तिथेच परत परत जा. वयाची काळजी करू नकोस. 2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. मास्तर हे अजूनही सांगतात, आणि आपलं वय त्यात अजून बसतं असा त्यांचा समज आहे.

गेल्या पावसाळ्यात मास्तर दोन दिवस आले नाहीत. यावेळी फोन नंबर होता. त्यांच्या मुलाने सांगितलं, छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी केली, आता बरे आहेत. मी टेबलावरच्या दोघांना कळवलं. इझ्मिरहून लगेच आलं, त्यांना माझा प्रश्न पाठव. मी मास्तरांना नुसतं एवढंच पाठवलं: "एक्के किती?"

तासाभराने उत्तर आलं. "पाच बदाम."

म्हणजे दोन स्टेंट. बदामातच घातलेत, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. मी ते पुढे पाठवतेच आहे, तेवढ्यात मास्तरांचा दुसरा निरोप आला.

"अनडू प्लीज. पाच इस्पिक. राणी इथे खुर्चीत बसून मोसंबी सोलते आहे."