सुगरणीतले घर

सांगलीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या वसाहतीतील गणेशोत्सवाच्या फलकावर ‘सुगरण स्पर्धा, स्त्री-पुरुष सर्वांसाठी’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे काय, आणि पहिला क्रमांक पुरुषाचा आल्यास त्याला काय म्हणावे?

‘पाककला स्पर्धा’ म्हटले की हात पाहिला जातो, ‘पाककृती स्पर्धा’ म्हटले की पदार्थ. त्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही. मात्र ‘जी सुग्रास रांधते ती सुगरण’ हे वाक्य निवेदक दरवर्षी ध्वनिक्षेपकावरून ऐकवतात आणि भले विद्वानही त्यावर माना डोलावतात, याचा मला मनस्वी वैताग येतो. सुग्रास म्हणजे चांगला घास. त्यात हा ‘ण’ कोणत्या वाटेने शिरला, हे या मंडळींनी एकदा सांगावे. ‘सुगरण’ आली ती ‘सुगृहिणी’वरून. गृहिणीची प्राकृतात ‘घरिणी’ झाली, आणि ‘सुघट’चे ‘सुगड’ करताना मराठीने ‘घ’ जसा मऊ केला तसाच तो येथेही केला. म्हणजे या शब्दात चूल नाही, ‘पच्’ धातू नाही. आहे ते केवळ घर.

याचा पुरावा, माझ्या मते, झाडावर लोंबतो. ज्या पाखराला आपण सुगरण म्हणतो त्यालाच गुजरातीत ‘सुघरी’ म्हणतात, तेथे ‘घ’ शाबूत आहे. आणि ते पाखरू काही रांधत नाही. पावसाळ्यात हरिपूरच्या बाजूला विहिरीवर वाकलेल्या बाभळीखाली उभे राहून पाहावे: पिवळ्या डोक्याचा नर गवताची लांब पाती चिरून आणतो, खोपा अर्धा विणतो आणि त्याला उलटे लटकून पंख फडफडवीत मादीला बोलावतो. मादी आत शिरून पारखते. न आवडल्यास तो खोपा अर्धाच राहतो. विणणारा तो आणि परीक्षक ती, तरी नाव मात्र स्त्रीलिंगी, हा व्याकरणाचा अन्याय त्या नराने निमूट सोसला आहे.

राहिला प्रश्न विजेत्याचा. नियमाने ‘सुगृही’ होईल, पण ते कोणाला कळणार नाही. विराटाच्या मुदपाकखान्यात भीमाने घेतलेले ‘बल्लव’ हे नाव त्याला खुशाल द्यावे, आणि रंग ओला असेल तर फलकावर ‘पाककला’ लिहावे.